नवीन काय उघडलंय?

पुण्यात आमच्या वयाच्या आणि आमच्या पगाराच्या लोकांसाठी बाहेर जेवायला जाणं म्हणजे आता नवीन ठिकाणी जाणं असं झालंय. जेवण कसं होतं हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असतो, "नवीन काय उघडलंय?" मागच्या महिन्यात जिथे सगळ्यांना आवडलं होतं त्या जागेचं नाव कुणी काढलंच, तर उत्तर ठरलेलं असतं: "तिथे तर आपण जाऊन आलोय."

जाऊन आलोय. जणू हॉटेल म्हणजे काशीयात्रा, एकदा केली की सुटलो.

माझा आरोप सरळ आहे. आपल्या भागातली ही चकचकीत हॉटेलं एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बांधलेली आहेत, आणि ती तशी बांधली जातात कारण आपण एकदाच जातो. महाग आहेत, पोर्शन छोटे आहेत, गाणी कान फुटेस्तोवर लावतात, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्या फांद्या झाल्या, मूळ इथे आहे. आणि याची जी किंमत आपण मोजतोय ती बिलावर छापलेल्या आकड्याहून बरीच मोठी आहे.

पहिल्या भेटीचं हॉटेल

बाणेर, औंध, बालेवाडी हाय स्ट्रीट, कोरेगाव पार्कच्या लेन, कल्याणीनगर. डोळ्यांवर पट्टी बांधून यातल्या कुठल्याही नव्या कॅफेत तुम्हाला नेलं आणि आत गेल्यावर पट्टी सोडली, तर आपण नेमके कुठे आहोत हे तुम्हाला सांगता येणार नाही. वेताच्या टोपल्यांचे दिवे, विटकरी रंगाची कमान, कुंडीत मॉन्स्टेरा, भिंतीवर गुलाबी निऑनमध्ये एखादं इंग्रजी वाक्य आणि त्याखाली फोटो काढायची ठरलेली जागा. काइल चायका या अमेरिकन लेखकाने २०१६ मध्ये या प्रकाराला 'एअरस्पेस' असं नाव दिलं होतं. ॲपवरून जागा निवडणाऱ्या माणसांमुळे जगभरचे कॅफे आणि भाड्याची घरं एकमेकांसारखी दिसायला लागली आहेत, असं त्याचं निरीक्षण होतं. दहाएक वर्षांत ते बालेवाडीला चपखल बसतंय.

मेन्यूचंही तेच. बारा पानं. सुशी, बाओ, रामेन, बुराटा, ट्रफल फ्राइज, आणि वर स्थानिकपणाची फोडणी म्हणून ठेचा पनीर टाको किंवा पुरणपोळी चीजकेक. एकाच स्वयंपाकघरातून जपान, तैवान, इटली, मेक्सिको आणि कोल्हापूर एकाच वेळी उत्तम निघेल यावर खाणाऱ्याचा विश्वास नसतो, बनवणाऱ्याचाही नसतो. पण तो मेन्यू खाण्यासाठी लिहिलेलाच नाही. चार जणांच्या ग्रुपमध्ये "माझ्यासाठी तिथे काहीच नाही" म्हणणारा एकही निघू नये, यासाठी तो लिहिलाय. पदार्थ निवडायची दुसरी कसोटी म्हणजे तो फोनवर कसा दिसतो. चीज ताणलं जातं का? झाकण उघडल्यावर धूर निघतो का? सॉस टेबलावर आणून ओतता येतो का? हे सगळं पहिल्यांदा भारी वाटतं. तोच धूर तिसऱ्यांदा बघायला कोण जाईल? पण तिसऱ्या खेपेचा विचार कुणी केलेलाच नसतो.

किमती बघा. '४९५' असा नुसता आकडा, रुपयाचं चिन्ह गायब. हे निव्वळ डिझाइन आहे असं वाटत असेल तर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २००९ मधला एक प्रयोग माहीत असू द्या. एका रेस्टॉरंटमधल्या गिऱ्हाइकांना त्यांनी वेगवेगळे मेन्यू दिले. एकात डॉलरचं चिन्ह होतं, एकात 'डॉलर' हा शब्द होता आणि एकात नुसता आकडा. नुसता आकडा वाचणाऱ्यांनी जास्त पैसे खर्च केले. पैशाची आठवण करून दिली नाही की हात सैल सुटतो.

भाडं, टॅक्स आणि तारे

हॉटेलवाल्याला लुटारू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याचा हिशेब बघितला की चित्र बदलतं.

नव्या भागात जागा भाड्याची असते. करार ठरावीक वर्षांचा, भाडं दरवर्षी वाढणारं, इंटिरियरवर आधीच भरपूर पैसा ओतलेला. त्यात टॅक्सची एक खोच आहे, जी बिल बघून आपल्याला कळत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याआधीचे काही महिने एसी हॉटेलात तो १८ टक्के होता. आपण खूश झालो. पण त्याच वेळी हॉटेलांचं इनपुट टॅक्स क्रेडिट काढून घेतलं गेलं. म्हणजे व्यावसायिक जागेच्या भाड्यावर जो १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो, तो त्यांना कुठेही वळता करून घेता येत नाही. जितकं भाडं जास्त तितका हा फटका मोठा. पेठांतल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांच्या जागा मालकीच्या किंवा जुन्या भाड्याच्या आहेत. त्यांना गिऱ्हाईक जमायला दोन वर्षं लागली तरी चालून गेलं असेल. बाणेरमधल्या नव्या माणसाला दोन महिनेही थांबता येत नाही. त्याला पहिल्या शनिवारपासून टेबलं भरलेली हवीत.

मग तो काय करणार? आपण जिथे बघतो तिथे तो पैसे लावणार. आपण बघतो तारे आणि रील्स.

ताऱ्यांची ताकद खरी आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवून दिलं, की येल्पवर एक तारा वाढला तर धंदा ५ ते ९ टक्क्यांनी वाढतो. त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होतो, मोठ्या साखळ्यांवर नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. म्हणजे जो लहान आहे, एकटा आहे, तोच ताऱ्यांच्या मुठीत सापडतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, डॅशबोर्डवरचे आकडे हलवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. आमच्या धंद्यातलं एक जुनं शहाणपण सांगतो: ज्या आकड्यावरून माणसाचं भलंबुरं ठरतं, माणूस तोच आकडा सुधारतो, त्यामागची गोष्ट नाही. म्हणून बिलासोबत वेटर टॅब पुढे करून म्हणतो, "सर, एक फाइव्ह स्टार द्या ना, रिव्ह्यूमध्ये माझं नाव टाका." का, असं मी एकाला विचारलं होतं. त्याचा महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या नावांवर मोजला जातो, असं त्याने सांगितलं. आता तुम्हीच सांगा, पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाचे पैसे कापले जातील हे माहीत असताना तीन तारे कोण देईल? त्यामुळे सगळी हॉटेलं ४.१ ते ४.५ च्या मध्ये कुठेतरी दाटीवाटीने उभी असतात, आणि ४.३ बघून ४.२ नाकारल्याचं शास्त्रीय समाधान आपल्याला मिळतं.

रील्सचं काय सांगावं. जाहिरातदारांच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन स्तुती केली असेल तर इन्फ्लुएन्सरने ते ठळकपणे सांगितलं पाहिजे. तुमच्या फीडवरच्या पुण्यातल्या दहा फूड रील्स काढा. 'पुण्यातलं लपलेलं रत्न' असं दहाही जण म्हणतील. जेवण फुकट होतं का, हे किती जण सांगतात ते मोजा.

आणि रांग? गॅरी बेकर या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये एका छोट्या लेखात प्रश्न विचारला होता. कॅलिफोर्नियात पालो अल्टोमध्ये माशांचं एक हॉटेल आहे, बाहेर रोज रांग लागते. समोरच तसंच दुसरं हॉटेल आहे, तिथे खुर्च्या रिकाम्या. मग रांगवाला भाव वाढवत का नाही? त्याचं उत्तर असं, की काही गोष्टींची मागणी इतर लोक ती किती मागतात यावर ठरते. रांग मोडली की ओढ मोडते. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात पाऊण तास फुटपाथवर उभे राहणारे आपण त्या हॉटेलची फुकटातली जाहिरात असतो, आणि वर आत गेल्यावर बिलही भरतो.

"म्हणजे पूर्वी सगळं छान होतं?"

नाही. हे वाचून 'बघा, आमच्या वेळचं पुणं' असं म्हणत कुणी सरसावून बसलं असेल, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

याच शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. कोण होते तिथे, हे छापून आलं आणि गावभर गहजब झाला. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसाला शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहासाठी! त्यानंतरही कितीतरी वर्षं खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असायची. इराण्याच्या संगमरवरी टेबलाचं आपण एवढं कौतुक करतो त्याचं खरं कारण बनमस्का नाही. तिथे शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय हे विचारलं जात नव्हतं, हे आहे. आणि एकट्या बाईने हॉटेलात जाऊन निवांत चहा पिणं? 'फॅमिली रूम' नावाचा पडदेवाला कप्पा कशासाठी असायचा, हे घरातल्या मावशी-आत्यांना विचारा.

त्यामुळे नव्या कॅफेंचं एक देणं मी मोकळेपणाने मान्य करतो. तिथे एखादी मुलगी लॅपटॉप उघडून दोन तास एकटी बसू शकते. जोडप्याकडे कुणी वळून बघत नाही. आडनाव विचारलं जात नाही. ही लहान गोष्ट नाही, आणि ती परत जाता कामा नये.

पण ही मोकळीक गुलाबी निऑनमुळे आलेली नाही, आणि तिला नवं दार लागलंय. आडनावाच्या जागी पाकीट तपासलं जातं. कॉफीला तीनशे रुपये मोजले तरच ती मोकळीक मिळते. कायद्यामुळे बाहेरची पाटी मराठीत आली, पण आत मेन्यू इंग्रजीतच. माझ्या आईला तिथे नेलं तर ती मेन्यू उलटा ठेवते आणि म्हणते, "तूच सांग काहीतरी." जिने चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येकाला काय आवडतं हे लक्षात ठेवलं, तिला स्वतःसाठी काय मागवायचं ते कळू नये अशी सोय आपण करून ठेवली आहे.

जुन्या हॉटेलांकडून घ्यायची गोष्ट एकच, आणि तिला स्मरणरंजनाची गरज नाही. डेक्कनचं गुडलक १९३५ पासून आहे, नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ १९४८ पासून. ती टिकली त्याला बऱ्याच गोष्टी कारण असतील, पण एक गोष्ट नक्की आहे. सोमवारी तिथे खाल्लेला माणूस गुरुवारी परत येतो. गुरुवारचा रस्सा सोमवारसारखा नसेल तर तो तोंडावर सांगतो. पुन्हा येणारं गिऱ्हाईक हीच स्वयंपाकघराची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक तपासणी आहे. एकदाच येणाऱ्याला तुलना करायला काहीच नसतं. त्याला बरं लागलं की 'ऑसम', वाईट लागलं की 'ओव्हररेटेड', आणि दोन्ही वेळा तो पुढच्या ठिकाणी निघून गेलेला असतो.

हे फक्त पेठांत घडतं असंही नाही. माझ्या सोसायटीमागच्या गल्लीत एका तळमजल्यावर मेस आहे. सहा टेबलं, इंटिरियर शून्य, फोटो काढण्यासारखी भिंत नाही. एकदा मी भरलं वांगं मागितलं तर काकू म्हणाल्या, "आज वांगं नको घेऊस, मीठ जास्त पडलंय. पिठलं घे." बारा पानी मेन्यूच्या कुठल्याही हॉटेलात हे वाक्य तुम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही. तो वेटर वाईट असतो म्हणून नाही. तुम्ही पुन्हा येणार नाही, हे त्याला माहीत असतं म्हणून.

जाऊन आलोय, त्याची किंमत

आता बिलाबाहेरच्या खर्चाकडे येऊ.

पहिला खर्च वेटरच्या खात्यावर पडतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वं वैध ठरवली. निर्णय योग्यच आहे. पण सर्व्हिस चार्ज काढायला लावून विजयी मुद्रेने बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जण वेटरच्या हातात पन्नासची नोट ठेवतात? आपण ग्राहक म्हणून जिंकलो, आणि ओडिशातून, बंगालमधून, उत्तराखंडातून आलेला, दहा-दहा तास उभा असलेला पोरगा तिथेच राहिला. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा दिली पाहिजे असा कायदा केला. आपल्या आवडत्या कॅफेत काम करणारे कुठे बसतात, हे कुणी बघितलंय? एकदाच जाणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला त्या पोराचं नावही फक्त रिव्ह्यूत टाकण्यापुरतंच कळतं.

दुसरा खर्च जिवाचा आहे. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली. १४ माणसं गेली. बातम्या आल्या, अटका झाल्या, आपण हळहळलो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गच्चीवर गेलो. दुसरा जिना कुठे आहे, तो सामानाने अडवलाय का, छताला काय लावलंय, हे तपासणं यंत्रणेचं काम आहे. ते त्यांनी केलंच पाहिजे. पण जागेत वारंवार येणाऱ्या माणसाला अडवलेला जिना दिसतो, आणि त्याने हटकलं तर मालकाला ऐकावं लागतं, कारण तो उद्याही येणार असतो. ज्या गच्चीवर रोज फक्त अनोळखी माणसं येतात तिथे असं हटकणारं कुणी नसतं.

तिसरा खर्च आपल्या स्वतःच्या खात्यावर. या शहरात आपण बहुतेक जण बाहेरून आलोय. लातूर, जळगाव, सांगली, नागपूर. फ्लॅट भाड्याचा, अकरा महिन्यांचा. कंपनी दोन-तीन वर्षांत बदलणार. शेजारी कोण राहतं ठाऊक नाही. अशा माणसाला शहरात ओळखीची म्हणावी अशी जागा कुठली? रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ च्या पुस्तकात 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली: घर नाही, ऑफिस नाही, पण जिथे आपण गेलो तर ओळखलं जातं अशी जागा. आपल्याकडे त्यासाठी साधा शब्द आहे, कट्टा. कट्टा पहिल्या भेटीत होत नाही. तो पन्नासाव्या भेटीत होतो. आपण पन्नास वेगवेगळ्या ठिकाणी एकेकदा जातो आणि मग म्हणतो, पुण्यात पाच वर्षं झाली तरी करमत नाही.

इंजिनिअरांसाठी एक गणित

माझ्या जातभाईंना, म्हणजे इंजिनिअरांना, भावनिक बोलणं पटत नाही. त्यांच्यासाठी गणित.

मशीन लर्निंगचा कोर्स केलेल्या प्रत्येकाला 'मल्टी-आर्म्ड बँडिट' माहीत असतो. हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये तो नीट मांडला. समोर अनेक पर्याय आहेत, कुठला चांगला ते माहीत नाही, संधी मर्यादित आहेत. मग नवं किती शोधायचं आणि सापडलेल्या चांगल्याचा उपभोग किती घ्यायचा? उत्तरं बरीच आहेत, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: कायम फक्त शोधत राहणारा हरतो. शोधून मिळालेली माहिती तो कधी वापरतच नाही. या तोट्याला त्या शास्त्रात 'रिग्रेट' म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो.

वर्षात ५२ आठवडे. आठवड्यातून एकदा बाहेर जेवलात तर ५२ जेवणं. त्यातली १२ नव्या जागांना द्या, महिन्याला एक. उरतात ४०. ती चार जागांत वाटली तर प्रत्येक ठिकाणी वर्षात दहा वेळा जाणं होतं. दहा वेळांत वेटरचं नाव कळतं, कुठलं टेबल पंख्याखाली येतं ते कळतं, बारा पानांतल्या कुठल्या तीन गोष्टी खरोखर चांगल्या बनतात ते कळतं. नवं बंद करा असं मी म्हणत नाही. नव्या हॉटेलवाल्यालाही दुसऱ्यांदा येणारा माणूसच वाचवणार आहे. तिसऱ्या खेपेला लोक येतात असं दिसलं की तोही धुराऐवजी रश्शावर पैसे लावेल. तो मूर्ख नाही, आपण ज्याचे पैसे देतो ते तो विकतो.

तेव्हा चार जागा निवडा. त्यातली एक तरी अशी असू द्या जिथे आईला मेन्यू वाचता येईल. मंगळवारी जा, शनिवारी नको. ताऱ्यांत मत देण्याऐवजी भाजी बिघडली असेल तर तिथेच, मालकाला, नीट शब्दांत सांगा. टिप रोख आणि हातात द्या. जिना अडवलेला दिसला तर विचारा. आणि आतून कुणीतरी येऊन "आज हे नका घेऊ" असं तुम्हाला सांगेपर्यंत जात राहा.